दादाच्या हट्टापायी दिलेलं रक्त

“आपके भाईसाहब बिलकुल ठीक हैं,” डॉक्टर म्हणाले. मी मनातल्या मनात हात जोडले, दादाची शाल उचलली आणि उठायला लागलो. डॉक्टरांनी हातानेच मला खाली बसवलं. “आप बैठिए, गुरुजी. बात आपकी करनी है.”

मला वाटलं, माणसाची गल्लत होते आहे. आजारी दादा होता. मी त्याला घेऊन आलो होतो. मला लघवीचा त्रास नाही, पाठ दुखत नाही, काशीच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या मी रोज उतरतो आणि चढतो. मी डॉक्टरांना हे सगळं सांगितलं, जरा आवाज चढवूनच सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “रक्तातला पीएसए चारच्या आत असायला हवा असं आपण साधारण धरतो. तुमचा अकराच्या वर आहे.”

दादा माझ्याकडे बघत होता. मी दादाकडे बघत होतो. त्याची शाल माझ्या मांडीवर होती आणि ती त्याला परत द्यायचंही मला सुचेना.

तुमच्यापैकी जे पन्नाशीच्या पुढचे आहेत आणि “मला काय धाड भरली आहे” असं म्हणतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मीही तेच म्हणत होतो.

आधी आम्ही कोण ते सांगतो. आमचे पूर्वज कधीतरी कोकणातून काशीला आले आणि परत गेले नाहीत. मंगला गौरीच्या गल्लीत आमचं घर आहे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भांडण असेल तर दोन्ही. दादा एकाहत्तर वर्षांचा, मी चौसष्टचा. दोघेही वेदपाठी. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची अनुष्ठानं करतो आणि आमची ओळख म्हणजे आमची जोडी. समोरासमोर बसायचं, मंत्राचा एक तुकडा त्याने म्हणायचा, पुढचा मी उचलायचा. त्याचा आवाज खाली येतो न येतो तोच माझा वर गेला पाहिजे. हे आम्ही पोरवयापासून करत आलो. वडिलांनी शिकवलं, पण घोटून घेतलं ते दादाने.

दादा सोवळ्याचा फार कडक. पाठ चालू असताना कोणी लघवीला उठला तर त्याने अंगावरचं बदलून, हातपाय धुऊन, आचमन करून परत यायचं. यात जराही कसूर झाली तर दादा त्याला पंक्तीत बसू द्यायचा नाही, मग तो कितीही मोठा घनपाठी असो. म्हणून आमच्या लोकांत एक सवय आहे. पाठाला बसायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नाहीत. तहान मारायची, लघवी दाबायची आणि तासन्‌तास बसायचं. याला आम्ही निष्ठा म्हणतो.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर दादा रात्रीतून वारंवार उठायला लागला. लघवीला जाऊन उभा राहायचा तो उभाच. माझी मुलगी मुक्ता बँकेत नोकरी करते, तिच्या तोंडी घरातही हिंदी येतं. ती तिच्या काकाच्या मागेच लागली. “काका, प्रॉस्टेट होगा. एक बार दिखा लो ना.” काका ऐकेना. शेवटी तिने परस्पर नंबर लावला आणि मला म्हणाली, बाबा, तुम्ही घेऊन जा, मला सुट्टी नाही.

प्रॉस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली अक्रोडाएवढी गाठ. ग्रंथी म्हणतात तिला. सगळ्या पुरुषांना असते. वय वाढलं की ती बहुतेकांची वाढते आणि लघवीची वाट अडवते. पीएसए ही रक्ताची साधी तपासणी आहे. त्या ग्रंथीतून एक द्रव्य रक्तात उतरतं, ते किती आहे हे त्यात कळतं.

दादा रक्त द्यायला तयार होईना. तपासणीच्या खिडकीसमोर उभा राहून माझ्याकडे बोट करत म्हणाला, “बापू देणार असेल तर मी देतो. आजवर कुठे एकटा बसलो आहे का?” मागे रांग लागली होती. लोक हसायला लागले. मी म्हटलं, बाबांनो, घ्या माझंही, पण ह्याला एकदा बसवा. मी बाही वर केली ती केवळ त्याचा हट्ट पुरवायला.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

अकराचा आकडा सांगितला त्याच दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही आतल्या खोलीत नेऊन तपासलं, एकापाठोपाठ एक. ही तपासणी बोटाने करतात, गुदद्वारातून. लिहायलाही संकोच वाटतो, पण लिहितो, कारण ह्या एका संकोचापायी माणसं वर्षानुवर्षं दवाखान्याची पायरी चढत नाहीत. दात उपटायला लागतो त्याहून कमी वेळ लागतो. दुखत नाही. लाज वाटते, ती बाहेर येईपर्यंत ओसरते.

दादाची ग्रंथी मोठी होती पण मऊ. वयोमानाने झालेली वाढ, गोळ्यांनी भागेल. माझी मोठी नव्हती. मात्र एका बाजूला कडक गाठ हाताला लागत होती.

“मला तर काहीच होत नाही,” मी पुन्हा म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, “गुरुजी, यही तो बात है. ज्याला त्रास होतो तो निदान येतो तरी. ह्या कॅन्सरला सुरुवातीला तोंड नसतं. कित्येक जण कंबर दुखायला लागल्यावर येतात, तोवर तो हाडात गेलेला असतो.”

कॅन्सर हा शब्द त्यांनी असा वाक्याच्या मध्ये वापरला. मी तो ऐकला आणि नंतरचं काही ऐकलं नाही. बाहेर आलो तर चपला कुठे काढल्या ते आठवेना. दादाने शोधून माझ्या पायापुढे ठेवल्या. आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या भावाने माझ्या चपलांना हात लावला आणि मला ‘अरे, राहू दे’ म्हणायचंही भान नव्हतं.

एकदा पीएसए वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नाही, हे इथेच सांगतो. जंतुसंसर्ग असला, ग्रंथी नुसती वाढलेली असली तरी तो वाढतो. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा करतात. माझा पुन्हा केला. कमी झाला नाही. मग एमआरआय काढला. त्यात यंत्राच्या बोगद्यात निजवतात आणि कानाशी हातोडे मारल्यासारखा आवाज होतो. मी मनात रुद्र म्हणत होतो. माझा तुकडा मी म्हणायचो आणि दादाचा यायची वाट बघायचो.

एमआरआयमध्ये डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, आता बायॉप्सी. म्हणजे सुईने त्या ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासायचे. तिथेच कळतं काय ते.

आता माझा शहाणपणा ऐका.

तेव्हा आम्ही कोल्हापूरच्या एका यजमानाच्या अनुष्ठानात होतो, दशाश्वमेधाजवळच्या धर्मशाळेत. आम्हाला वर्णी लागली होती. यजमान हातात सुपारी आणि वस्त्र देऊन ब्राह्मणाला कामावर नेमतो, त्याला वर्णी म्हणतात. ती एकदा लागली की काम पुरं होईपर्यंत उठायचं नाही. मध्ये भाऊबंदांत कोणी गेलं तरी सुतक लागत नाही, इतकी ती पक्की. मी डॉक्टरांना सांगून टाकलं, मी बांधलेला आहे, अनुष्ठान पूर्ण झालं की येतो. त्यांना ते कळलं नाही. ते म्हणाले, फार लांबवू नका.

घरी येऊन मी हेच माझ्या बायकोला, शैलाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने जुडी खाली ठेवली.

“वर्णी लागली की सुतक लागत नाही, हे मला माहीत आहे,” ती म्हणाली. “कॅन्सरही लागत नाही का हो?”

मी म्हटलं, तुला शास्त्र कळत नाही.

“मला तुम्ही कळता. घाबरला आहात, आणि आसनाआड लपता आहात.”

खरं होतं. मला सुईचं भय नव्हतं. मला भय होतं ते तुकड्यांत काय निघेल याचं. अनुष्ठान चालू आहे तोवर मी नुसता बापू गुरुजी होतो. ते संपलं की मी कोण होणार ते मला ठाऊक नव्हतं. वर्णीचं निमित्त म्हणजे आयती ढाल मिळाली होती.

शैलाने माझ्याशी वाद घातला नाही. ती सरळ दादाच्या खोलीत गेली. काय बोलली देव जाणे. दुसऱ्या दिवशी पाठाला बसायच्या आधी दादाने यजमानाला हाक मारली आणि वर्णीचं वस्त्र त्याच्या हातात परत ठेवलं. “आमच्या जागी दुसरी जोडी बसेल. मी माणसं सांगितली आहेत.”

मी थक्क झालो. ह्या दादाने ताप अंगावर काढून पाठ पुरे केलेले मी पाहिले आहेत. मी म्हटलं, दादा, तू तरी बस. तो म्हणाला, “उठली तर जोडी उठते.” यजमान बिचारा भला माणूस. म्हणाला, गुरुजी, आधी प्रकृती बघा, देव काही कुठे जात नाही.

बायॉप्सी झाली. नंतर दोन दिवस लघवीतून रक्त गेलं, ते जातं, घाबरू नका. अहवालाला मात्र दिवस लागले. त्या दिवसांत आमच्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. मुक्ता बँकेतून फोन करायची आणि “खाना खाया?” एवढंच विचारायची. मी जेवत होतो. काय जेवत होतो ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

अहवालात कॅन्सर होता. त्याच्यापुढे ग्लीसन स्कोर सात असं लिहिलं होतं. पेशी किती बिघडल्या आहेत, किती जोराने पसरतील, याचं हे माप. सहा म्हणजे सौम्य, आठ आणि त्यापुढे उग्र. माझा मधला. सौम्य असेल तर कधीकधी काहीच करत नाहीत, नुसतं लक्ष ठेवतात, हेही मला तिथेच कळलं. माझ्या बाबतीत तसं चालणार नव्हतं.

आणि अजून एक गाठ सुटायची होती. तो ग्रंथीच्या बाहेर पडला आहे का? त्यासाठी बोन स्कॅन करायचा होता. शिरेतून औषध टोचतात, ते हाडांत मुरेपर्यंत बसवून ठेवतात आणि मग सगळ्या सांगाड्याचा फोटो काढतात. बिघाड असेल तिथे काळं दिसतं.

बाहेरच्या बाकावर आम्ही बरेच जण बसलो होतो. माझ्या शेजारी गाजीपूरचे एक म्हातारे होते, सोबत सून. त्यांना बसवत नव्हतं, म्हणून ते भिंतीला टेकून उभे होते. कंबर दोन वर्षांपासून दुखत होती, गावात मालिश करत होते, असं सून सांगत होती. मला म्हणाले, “आप तो तंदुरुस्त लगते हैं पंडितजी, आप यहाँ कैसे?” मी सांगितलं, भावाच्या हट्टामुळे. त्यांनी सुनेकडे पाहिलं. मग म्हणाले, “हमारा भी कोई भाई होता.” मी मान खाली घातली. मला तिथे रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

माझी हाडं स्वच्छ निघाली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, आता दोन रस्ते आहेत. एक, किरणोपचार, म्हणजे रेडिएशन. दुसरा, ऑपरेशन करून ग्रंथीच काढून टाकायची. दोन्हींचे गुणदोष त्यांनी नीट समजावले. तुमच्या वयाला आणि प्रकृतीला ऑपरेशन झेपेल, असं त्यांचं मत पडलं.

मी एकच प्रश्न विचारला. “मी बसू शकेन का?”

“दो दिन में कुर्सी पर बैठेंगे.”

मी म्हटलं, तसं नाही. आणि मग त्या भल्या माणसाला समजावून सांगितलं की आमच्यात आसनावर बसणं म्हणजे काय, किती तास, आणि मध्ये नेसलेलं वस्त्र ओलं झालं तर काय होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “खोटं सांगणार नाही. लघवीवरचा ताबा सुरुवातीला जाईल. बहुतेकांचा काही महिन्यांत परत येतो. काहींचा थोडासा येत नाही.” दुसरंही एक सांगितलं, नवराबायकोचं. शैला शेजारीच होती. ती म्हणाली, “डॉक्टरसाहेब, ते असू द्या. हे राहिले पाहिजेत.”

मी बाहेर येऊन म्हटलं, शैला, मी जगेन, पण पाठाला बसणार नाही. मग करायचं काय जगून? ती माझ्यावर अशी खवळली की कॅन्सरचा दवाखाना आहे हेसुद्धा विसरली.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तो कॅथेटर लावलेला होता. कॅथेटर म्हणजे मूत्राशयात घातलेली नळी, तिच्या टोकाला पिशवी. ती लावूनच घरी सोडतात. आमच्या गल्लीत गाडी येत नाही, त्यामुळे मैदागिन चौकापासून पुढे रिक्षाने, आणि मग पायी. मुक्ताने ती पिशवी भाजीच्या थैलीत घातली आणि थैली माझ्या हातात दिली. पानवाल्याने थैलीकडे बघून विचारलंच, “का गुरुजी, का लेके आवत हउआ?” मी म्हटलं, जे तुझ्याकडेही आहे तेच.

तो हसला. मीही हसलो. टाके दुखले.

नळी निघाली त्या दिवशी मला खरा धक्का बसला. डॉक्टरांनी आधी सांगितलेलं असूनही बसला. मी उभा राहिलो आणि पायांवरून लघवी आली. मला कळलीच नाही, थांबवणं दूरच. खोकलो की आली, शिंकलो की आली, पाट घ्यायला वाकलो की आली. चौसष्ट वर्षांच्या माणसाला बायकोने लंगोट बांधावा लागला. बाजारात मोठ्या माणसांचे डायपर मिळतात. मुक्ता काळ्या पिशवीतून आणायची, कोणाला दिसू नये म्हणून.

व्यायाम दिला होता. केगल म्हणतात त्याला. लघवी रोखताना आपण जे स्नायू आवळतो, तेच मुद्दाम आवळायचे, सोडायचे, दिवसातून अनेकदा. बसल्या जागी करता येतो, कोणाला कळत नाही. मी केला, नेमाने केला. महिन्यांमागून महिने गेले. गळणं कमी झालं. दिवसाला एखाद्या लहान पॅडवर आलं. थांबलं नाही. पीएसए मात्र जवळजवळ शून्यावर आला. डॉक्टर खूश, मुक्ता खूश. शैलाने मंगला गौरीला जाऊन ओटी भरली.

मी पाठाला गेलो नाही. निरोप यायचे, मी नाही म्हणायचो. दादाने दुसरा जोडीदार घेतला नाही. पंक्तीच्या टोकाला बसून इतरांच्या मागे म्हणायचा, असं कानावर यायचं. पण ज्याच्या शिस्तीत मी वाढलो, त्याच्याच समोर ओल्या वस्त्राने बसायचं, हे मला मेलो तरी जमलं नसतं.

कार्तिक लागायच्या सुमाराला दादा माझ्या खोलीत आला. “उद्यापासून बसायचं आहे,” म्हणाला. “यजमान पुण्याचा आहे. जोडीच हवी म्हणतो.”

मी म्हटलं, “दादा, तुला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

त्याने ते माझ्या तोंडून वदवून घेतलं. मी म्हटलं, माझं गळतं. अजून गळतं. मी आसनावर बसू शकत नाही, आणि तू मला बसू देऊही नयेस.

दादाने दार लावलं. धाकट्या भावाच्या पलंगावर कधी न बसणारा दादा माझ्या शेजारी बसला.

“बापू, मी इतकी वर्षं कोरडा बसत होतो असं वाटतं तुला?”

मला अर्थच लागेना.

“तुझी वहिनी होती तेव्हापासूनचं आहे. उठून आलो की मागाहून थेंबथेंब येतं. ती लंगोटाला आतून घडी शिवून द्यायची. ती गेल्यावर मी शिवतो.”

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. वहिनीला जाऊन सात-आठ वर्षं झाली. हा माणूस दार लावून, चष्मा लावून, सुईत दोरा ओवून आपले लंगोट शिवत होता, आणि बाहेर येऊन लोकांना आसनावरून उठवत होता. मला आधी राग आला, फार राग आला.

“मग आम्हाला का उठवत होतास रे?”

“माझ्याकडे कोणी बघू नये म्हणून,” दादा म्हणाला. “तसं बसायच्या आधी मी शास्त्र पाहिलं होतं. आजारी माणसाला शास्त्र सवलत देतं. माणसं देत नाहीत. म्हणून बोललो नाही.”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, मी तेव्हाच बोललो असतो तर तेव्हाच दवाखान्यात गेलो असतो. आणि तू माझ्याबरोबर आला असतास. तुझं अजून लवकर सापडलं असतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपल्यात म्हणतात. ही मूठ तेवढी झाकू नका. माझा कॅन्सर सापडला तो कसलाही त्रास नसलेल्या मला दादाने सुई टोचून घ्यायला लावली म्हणून. पन्नाशी झाली असेल तर डॉक्टरांना विचारा, पीएसए करावा का. बापाला किंवा भावाला हा आजार झाला असेल तर त्याही आधी विचारा. दादाचा मुलगा पुण्याला असतो, त्याला मी स्वतः फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, काका, हे फोनवर काय बोलता? मी म्हटलं, मग कुठे बोलू? आणि लघवीचा त्रास असेल तर तो कॅन्सरच असतो असं नाही, बहुधा नसतोच, पण उपाय असतो. त्याच आठवड्यात मी दादाला डॉक्टरांसमोर बसवलं आणि सगळं बोलायला लावलं. डॉक्टर त्याच्यावर रागावले. औषध बदलून दिलं. आता त्याचं पुष्कळ कमी आहे. मी जिवंत आहे, शैला भांडते आहे, मुक्ता रोज फोनवर ओरडते आहे. देवाने, डॉक्टरांनी आणि ह्या हट्टी माणसाने मला परत दिलेले हे दिवस आहेत, ते मी विसरत नाही.

कार्तिकातल्या त्या पहिल्या दिवशी सकाळी मी पोटभर पाणी प्यायलो. दादाने शिवलेला लंगोट घातला आणि आसनावर त्याच्यासमोर जाऊन बसलो. पंक्तीतल्या म्हाताऱ्यांना दादाने सुरू करायच्या आधीच सांगून टाकलं, “आम्हा दोघांना मध्ये उठावं लागेल. दोघांनाही लघवीचा आजार आहे. तुमच्यापैकी ज्यांना असेल त्यांनीही उठा.” वयस्कर माणसं एकमेकांकडे न बघता समोर बघत राहिली. पाठ सुरू व्हायच्या आधीच त्यांतले तिघे उठले आणि मोरीकडे गेले.